शेतकऱ्यांच्या चळवळी, सत्ता आणि सात-बाराचा कागद

मनुष्यांच्या समाजात कोणी धनी व कोणी राबणारा असा भेद का पडतो, तो पिढ्यान् पिढ्या कसा टिकतो, आणि तो मोडण्याकरिता लोक केव्हा एकत्र येतात, या प्रश्नांचा विचार करणाऱ्या शास्त्रास समाजशास्त्र म्हणतात. त्यावरील ग्रंथ बहुधा अशा भाषेत लिहिलेले असतात की, शेतकऱ्याने ते हाती धरण्याचे धाडस करू नये. परंतु ज्या प्रकारच्या घडामोडींविषयी ते ग्रंथ लिहिले गेले, तशा पुष्कळ घडामोडी आपल्या मुलुखात, किंबहुना आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच झालेल्या आहेत. त्यांच्याच आधाराने हा विषय उलगडून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरात झाली. त्यामुळे ग्रंथकारांच्या नजरेतून जी गोष्ट पुष्कळदा निसटते, ती आम्हांस जवळून पाहावयास मिळाली. ती अशी की, चळवळीचे यश सभेत ठरत नाही व कायदेमंडळातही पुरते ठरत नाही. गावच्या दप्तरात कोणाचे नाव कोणत्या रकान्यात लिहिले गेले, यावर ते अखेर ठरते.

विषमतेची अंगे

विषमता म्हणजे केवळ कोणाकडे किती बिघे जमीन आहे एवढाच हिशेब नव्हे. कार्ल मार्क्स याने उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची आहेत, याकडे बोट दाखविले. पुढे मॅक्स वेबर या जर्मन पंडिताने त्यात भर घालून सांगितले की, समाजातील वरचढपणा तीन वाटांनी येतो: एक धनाची वाट, दुसरी मानाची व तिसरी संघटित सत्तेची. या तिन्ही वाटा एकाच दारी येऊन मिळाल्या म्हणजे ते दार उघडणे फार कठीण होते. जुन्या काळचा खोत किंवा सावकार पाहावा. जमीन त्याची, बैठकीत गादी त्याची, आणि मामलेदार कचेरीत ओळखही त्याचीच. कुळाजवळ यांपैकी काहीच नव्हते. त्याच्याजवळ होती ती फक्त मेहनत, आणि मेहनतीची नोंद ठेवणारी वही कोठेच नव्हती.

सत्तेची तीन रूपे

सत्ता ही वस्तू डोळ्यांस दिसते तेवढीच असते असे नाही. स्टीव्हन ल्यूक्स या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली सत्तेची तीन रूपे सांगितली. ती आपल्या गावावरून सहज समजतात.

पहिले रूप म्हणजे उघड हुकूम. धन्याने सांगावे व गड्याने करावे. दुसरे रूप यापेक्षा सूक्ष्म आहे. काही विषय सभेपुढे येऊच द्यावयाचे नाहीत, ही ती युक्ती. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गटार असते, दिवे असतात. पण गुरचरण कोणी बळकावले हा विषय वर्षानुवर्षे येत नाही. त्यावर कोणी कोणाचा पराभव केलेला नसतो. लढाईच होऊ दिलेली नसते. तिसरे रूप सर्वांत खोल. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच तो अन्याय वाटू नये, हे आपले नशीबच आहे असे वाटावे, हे ते रूप होय.

या तिसऱ्या रूपाचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. डहाणू व उंबरगाव या तालुक्यांतील वारली लोक एके काळी स्वतःच्या जमिनी कसणारे होते. जंगलचे कायदे आले, रोकड वसूल आला, सावकार व दारूचे मक्तेदार आले, आणि जमिनी हळूहळू परक्या हाती गेल्या. मूळचा कसणारा त्याच जमिनीवर कूळ बनला व धन्याची वेठ करू लागला. लग्नाकरिता कर्ज काढले की नवराबायको दोघांनी धन्याकडे राबावे, याला लग्नगडी म्हणत. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या स्थितीविषयी जो अहवाल लिहिला, त्यात वेठीचे व मारहाणीचे वर्णन सरकारी भाषेत नमूद आहे. तो अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे दुःख होते, सरकारास ते ठाऊकही होते. तरी उठाव झाला तो १९४५ साली. मधली वर्षे का गेली?

दुःख पुरे होत नाही

पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की, जुलूम असह्य झाला म्हणजे लोक आपोआप उठतात. तसे असते तर जगात जुलूम फार दिवस टिकताच ना. पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञांनी विशेषतः १९७० नंतर ही गोष्ट मांडली की, चळवळीस दुःखाखेरीज साधने लागतात. एकत्र जमण्याची जागा, बातमी नेणारी माणसे, थोडा पैसा, आणि मागणी नेमक्या शब्दांत सांगणारा पुढारी, ही ती साधने होत.

वारल्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा म्हणजे आपल्या भिवंडीपासून काही दूर नव्हे. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी तेथून पुढे वारली मुलुखात काम केले, आणि २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी हजारो वारली जमले. तेथे जे ठरले ते अगदी साधे होते. दिवसास १२ आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज धन्याच्या खाजगी शेतावर काम करावयाचे नाही. वेठ करावयाची नाही. लग्नगडी ही चाल बंद. मागणी साधी असली तरी तीमुळे नशिबाची समजूत मोडली, आणि सत्तेचे तिसरे रूप तेथे गळून पडले. याची किंमतही मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. त्या दिवसाची आठवण तो मुलूख अद्याप पाळतो.

तथापि वेठ बंद झाली म्हणून जमीन परत आली असे नव्हे. मजुरीची मागणी हाक देऊन मान्य करविता येते. जमिनीची मागणी मात्र कागदावरच मान्य व्हावी लागते. येथून आमच्या मुख्य मुद्द्यास सुरुवात होते.

कागद जाळणे व कागद लिहविणे

सत्ता कागदात राहते हे आपल्या शेतकऱ्यास फार पूर्वी कळले होते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तर त्याच्या रोख्यांवर व खतांवर होता. ती मागून घ्यावीत व जाळावीत, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. आपले बंधन नेमके कोठे ठेवलेले आहे, हे त्या निरक्षर कुणब्याने अचूक ओळखले होते. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता कायदा केला. कर्जरोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता कर्जाचा मागचा इतिहास न्यायाधीशाने तपासावा, अशी तरतूद त्यात आली. ज्योतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही अक्षरशून्य शेतकऱ्यास लिहिणारा वर्ग कसा नाडतो याचेच विवेचन आहे.

परंतु कागद जाळल्याने जुने बंधन सुटते, नवा हक्क जन्मास येत नाही. त्याकरिता नवा कागद लिहवून घ्यावा लागतो. हा धडा कुलाबा जिल्ह्यातील चरीच्या संपाने घालून दिला. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ साली खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. संप १९३९ पर्यंत चालला. भातखाचरे ओस पडली. लोकांनी लाकूडफाटा विकून व मासळी मारून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या कुळांची बाजू घेतली, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कायदेमंडळावर गेला. संप कुळवाडी व आगरी शेतकऱ्यांचा, आणि विधेयक आंबेडकरांचे. जातींच्या भिंतींवरून हात पुढे आले म्हणून हा संप इतका टिकला, हे विसरता कामा नये.

१९३९ साली मुंबई इलाख्यात कुळकायदा झाला व 'संरक्षित कूळ' हा शब्द प्रथमच कायद्यात आला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग ६ वर्षे जमीन कसणारास हे संरक्षण होते. आता वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ६ वर्षे कसली हे सिद्ध कशाने करावयाचे? ज्याच्याजवळ खंडाची पावती आहे, किंवा पीक पाहणीत ज्याचे नाव आहे, त्याचे काम सोपे. ज्याने धान्य मापून घातले व पावती मागण्याचे धैर्य केले नाही, त्याने काय करावे? चळवळीने कायदा मिळविला. पण कायद्याचा लाभ ज्या दारातून घ्यावयाचा, त्या दाराची किल्ली दप्तरातच राहिली.

कसेल त्याची जमीन, पण नोंद कोणाची?

यापुढे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. त्याने खंडास मर्यादा घातली: बागायतीस उत्पन्नाचा चौथा हिस्सा व जिरायतीस तिसरा. १९४९ साली खोतीही कायद्याने रद्द झाली. कुळकायद्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचा खरीददार मानले गेले. सर्वसाधारण कुळाने द्यावयाची किंमत आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान ठरवावयाची होती. एवढी मोठी उलथापालथ रक्ताचा थेंब न सांडता कायद्याने व्हावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. अनेक कुटुंबांत आज जो सात-बारा आहे तो त्या दिवसाचे फळ होय.

पण सर्वांनाच ते फळ मिळाले नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली व तिचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध केला. कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याचे प्रकार किती मोठ्या प्रमाणावर झाले होते, हे त्यातून दिसून आले. जमीन सोडावयाची तर कुळाने लेखी द्यावे व मामलेदाराने ते पडताळावे असा नियम होता. परंतु धन्याच्या घरचे कर्ज डोक्यावर असता कचेरीत उभे राहून "राजीखुशीने सोडतो" असे म्हणणारे कूळ खरोखर राजी असते काय? सत्तेचे तिसरे रूप असे कचेरीच्या उंबरठ्याच्या आत येते.

दुसरी गळती याहून मुकी होती. किंमत ठरविण्याकरिता कुळास नोटीस निघे. कूळ हजर राहिले नाही, किंवा खरेदीची इच्छा नाही असे त्याने सांगितले, तर खरेदी निष्फळ ठरे. ज्याला नोटीस वाचता येत नव्हती, जो त्या सुमारास मजुरीस परगावी गेला होता, त्याचा हक्क कोणी हिसकावला नाही. तो तारखेबरोबर निघून गेला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत असे तत्त्व आहे की, अधिकार अभिलेखातील नोंद ती खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. या एका वाक्यात केवढी सत्ता साठविलेली आहे! नोंद ज्याच्या बाजूची, त्याने स्वस्थ बसावे. ज्याच्या विरुद्ध, त्याने वकील करावा, तारखा घालाव्यात, पुरावा शोधावा. धनवान मनुष्य व गरीब मनुष्य यांच्यातले अंतर याच ठिकाणी दुप्पट होते. म्हणून आम्ही म्हणतो की, ज्या चळवळीने घोषणा दिल्या, मोर्चे काढले, कायदाही करविला, पण नोंदी तपासल्या नाहीत, तिने पीक उभे करून कापणी दुसऱ्यावर सोपविली.

भिवंडी तालुक्यातील आजची स्थिती

हा सर्व इतिहास आज सांगण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, आपल्या तालुक्यात जमिनीचे मोल कधी नव्हते एवढे वाढले आहे. पूर्णा, काल्हेर, माणकोली, दापोडे या बाजूस जेथे भातखाचरे होती तेथे आज गोदामे आहेत. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यात आमणे येथे येऊन संपतो; त्याचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. जमीन विकली जाते किंवा संपादन होते, तेव्हाच आजोबांच्या काळच्या नोंदीस तोंड फुटते. तोवर 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचे नाव आहे, ते फेरफाराने कधी कमी झाले, याची कोणी चौकशी केलेली नसते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने एक चांगली गोष्ट केली. त्या जमिनीवर ३ वर्षे उपजीविका करणारे कूळ, वाटेकरी व शेतमजूर यांसही त्याने बाधित कुटुंबांत धरले. परंतु गोदामाकरिता खाजगी खरेदीखत झाले तर त्या व्यवहारास हा कायदा सहसा लागत नाही. आणि जेथे तो लागतो तेथेही पुरावा लागतोच. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी भ्रमणध्वनीवरून खातेदाराने स्वतः करावयाची सोय झाली. ती खातेदारास उपकारक आहे. पण दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याचे नाव तीत आपोआप येत नाही, हे लक्षात ठेविले पाहिजे.

येथे एक कटू सत्यही सांगणे प्राप्त आहे. कालचे कूळ आज मालक झाले. त्याबरोबर विषमता संपली काय? दिवाळीनंतर आपल्याच तालुक्यातील वीटभट्ट्यांवर जी कातकरी कुटुंबे उचल घेऊन येतात, त्यांच्याकडे पाहावे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने नष्ट झाली; १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने याच भागात तिच्याविरुद्ध झगडून अनेकांस सोडविले. तरीही घराखालची जागा स्वतःच्या नावे नसलेली कुटुंबे आहेत. ज्याच्या आजोबाने खोताची वेठ केली, त्याने दुसऱ्याची वेठ घ्यावी हे शोभत नाही. चळवळ ही शिडी असावी, आणि वर चढल्यावर ती ओढून घेऊ नये.

नोंदीकडे वळलेल्या चळवळी

हा धडा नंतरच्या काही चळवळींनी चांगला ओळखला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविले, आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम काढला. नवऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करून द्यावा, अशी ती हाक होती. स्त्रीचा मान वाढवा असे भाषण करणे सोपे. सात-बारावर तिचे नाव चढविणे हे खरे काम. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीसही वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क मिळाला आहे. पण बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची घाई पाहिली म्हणजे जुन्या 'राजीखुशी'ची आठवण होते.

वनहक्कांचा २००६ चा कायदा तर या दृष्टीने फारच महत्त्वाचा आहे. त्याच्या नियमांत वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदन हेही पुरावा म्हणून धरले आहे, आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. १९३९ साली ज्याच्याजवळ कागद नव्हता तो हरत असे. येथे कायद्यानेच तोंडी साक्षीस कागदाच्या शेजारी बसविले. तरी दावे वर्षानुवर्षे पडून राहिले, म्हणून मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी व आदिवासी नाशिकहून मुंबईस पायी आले. मार्च २०२३ मध्ये तसाच मोर्चा शेजारच्या शहापूर तालुक्यात वाशिंद येथे येऊन थांबला होता. सोललेल्या पायांनी चालणाऱ्या त्या लोकांच्या मागण्यांत एक मुख्य मागणी हीच होती की, आम्ही कसतो ती जमीन आमच्या नावे लिहा.

आता काय करावे

आमच्या शेतकरी बंधुभगिनींस सूचना थोड्याच आहेत. आपला सात-बारा व आठ-अ वर्षातून एकदा तरी काढून स्वतः वाचावा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घ्यावा. 'इतर हक्क' हा रकाना सोडू नये. जुने फेरफार व कुळवहिवाटीची नोंदवही, म्हणजे नमुना ७-अ, यांच्या नकला मागून घ्याव्यात. फेरफाराची नोटीस आली तर १५ दिवसांत हरकत लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. नोंद मंजूर झाल्यास प्रांताकडे अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. वाट्याने जमीन कसणाऱ्याने पावती मागण्यास लाजू नये, व देणाऱ्याने देण्यास कचरू नये. वारसांची नोंद करताना आई व बहिणी यांची नावे वगळू नयेत.

आणि हे काम एकट्यादुकट्याने करावयाचे नाही. एकटा मनुष्य कचेरीत गेला तर तो अर्जदार असतो. पंचवीस जण एकाच प्रकारची नोंद तपासावयास गेले तर तो गावचा प्रश्न होतो. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर चावडी वाचनाचा विषय घालण्याची लेखी मागणी प्रत्येक गावाने करावी, व कातकरीवाडीतील माणसांस त्या वाचनास बोलावण्याचे विसरू नये, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.